बराबर सुटली तर

आमच्या घरात सकाळ व्हायची ती खुंटीच्या आवाजानं. कोंबडं, पिठाची गिरणी, बदनापूरच्या स्टेशनात शिरणारी गाडी, हे सगळं त्याच्या मागून. आमचा धंदा रेवडीचा. पडवीच्या भिंतीत बाभळीची एक जाडजूड खुंटी ठोकलेली होती आणि तिच्यावर माधवकाका पाक ओढायचे. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चुलीवरून कढई उतरवून तेल लावलेल्या फरशीवर पाक ओतला, तो हाताला सोसेल इतका निवला, की काका त्याचा गोळा उचलून खुंटीला अडकवत आणि दोन्ही हातांनी खाली खेचत. लांबला की उलटून पुन्हा खुंटीवर. पुन्हा खेच. त्या उलटण्याचा भिंतीवर 'चट्ट' असा आवाज व्हायचा आणि त्यामागून काकांचा 'हुं'. चट्ट, हुं, चट्ट, हुं. माझ्या लहानपणाचा ठेका असा आहे, आणि भजनातही मी टाळ त्याच ठेक्यात वाजवते म्हणून आमच्या मंडळातल्या बायका माझ्यावर चिडतात.

काळा-तांबडा पाक ओढता ओढता आधी सोनेरी होई, मग चांदीच्या तारेसारखा पांढरा. तेवढ्यात माय तीळ भाजून, वेलदोडा कुटून तयार असायची. मग तुकडे तोडायचे, गरम तिळात घोळायचे, अंगठ्यानं दाबायचे. तुकडे दाबायचं काम माझं. माझे दोन्ही अंगठे अजून थोडे चपटे आहेत. शाळेत खडू धरताना मुली हसायच्या. आता रेवडी प्लास्टिकच्या पिशवीत मिळते, दातांना चालत नाही, आणि चालली असती तरी मी खाल्ली नसती. तिच्यात पाकाला पुरतं ओढलेलंच नसतं. पण तो राग इथे नको.

माधवकाका दादांचे धाकटे भाऊ. पैलवान माणूस. तालमीत नाव काढलं होतं, मग एका कुस्तीत गुडघा गेला आणि आखाडा सुटला. चालताना डावा पाय थोडा ओढायचे, पण खांदे तसेच राहिले, आणि ते खांदे आमच्या पाकाच्या कामी आले. लग्न झालेलं नव्हतं. मोठ्यानं हसायचे, मोठ्यानं जेवायचे, आणि कुठलीही गोष्ट एकदा डोक्यात शिरली की ती बाहेर काढायला घरच्या सगळ्यांना कामाला लागावं लागे.

त्या साली त्यांच्या डोक्यात शिरलं ते पाक ओढतानाच. मी समोर बसले होते. काकांनी पाक उलटला आणि मला म्हणाले, "कुसे, मोज बरं पदर." मी मोजले. एक घडी घातली की दोन पदर, दुसरी घातली की चार, मग आठ, मग सोळा, मग बत्तीस. पुढे डोळ्यांना दिसेना, पण तोंडानं मोजता येत होतं. मला गंमत वाटली. गणित मला आवडायचं, आणि असं हातानं ओढता येणारं गणित तर पहिल्यांदाच पाहत होते. काका मात्र खेचायचे थांबले होते. पाक तसाच लोंबत होता.

"माधव, पाक गार होऊन राह्यला!" दादा चुलीजवळून ओरडले.

काकांनी घाईनं आणखी एक घडी घातली, खेचली, आणि पाक काचेसारखा तुटून पडवीभर उडाला. मला तर चैनच झाली. दादांनी फक्त खराटा आणून काकांच्या हातात दिला. झाडता झाडता काका स्वतःशीच पुटपुटत होते, "एक, दोन, चार, आठ…"

जेवताना कळलं. येसराची आमटी होती, भाकरी कुस्करलेली होती, आणि काकांचा घास हातातच होता.

"वहिनी, ऐका. कुस्तीवर शर्त लावायची. एक रुपया. जिंकलो तर एक रुपया आला, बस. हरलो तर पुढच्या कुस्तीवर दोन. ते बी गेले तर चार. मंग आठ. कवा ना कवा तर आपला गडी जिंकनार का न्हाई? जवा जिंकंल तवा मागचं समदं भरून निघंल आन वर एक रुपया. बिलकुल बुडायची भीतीच न्हाई!"

"भावजी, आधी आमटी खा," माय म्हणाली. "गार झाली."

ही शर्तीची गोष्ट एकाएकी कामून आली, ते मला ठाऊक होतं. कारण मीच होते. आमच्या गावची शाळा माझ्यापुरती संपली होती. पुढचं शिकायचं तर जालन्याला, मावशीच्या घरी राहून. मावशी तयार होती, माय तर माझ्याआधीच मनानं माझी वळकटी बांधून बसली होती. दादांचा विरोध नव्हता. पण त्यांचं म्हणणं असं, की जत्रांचा हंगाम कसा जातो ते बघू. गूळवाल्याचं देऊन हाती राहिलं तर पोर जाईल, नाही राहिलं तर पुढच्या साली. पुढच्या साली म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत होतं. माझ्या वर्गातल्या दोन मुली 'पुढच्या साली' जाणार होत्या, त्यातली एक तेव्हा कडेवर पोर घेऊन पाण्याला जात होती. हे काकांनाही दिसत होतं. ते मला म्हणाले होते, "तू भिऊ नको कुसे. तुझा खर्चा मी काढतो." मला त्यांचा इतका भरवसा वाटला होता की मी मावशीच्या गल्लीत शाळा कुठल्या अंगाला आहे, हेसुद्धा विचारून ठेवलं होतं.

मायला लिहिता वाचता येत नव्हतं, पण कुणी काही सांगितलं की ती करून बघितल्याशिवाय मानत नसे. दिवेलागण झाल्यावर तिनं चिंचोक्यांचं गाडगं काढलं. थोडे चिंचोके काकांपुढे ओतले, बाकीचं गाडगं आपल्या मांडीशी ओढून घेतलं. एक चिंचोका फोडून त्याचं अर्धं घेतलं. एक बाजू काळी, एक पांढरी.

"हा तुमचा पैलवान. पांढरा पडला तर तुमची जीत, काळा पडला तर माझी. लावा शर्त."

आम्ही खेळलो. म्हणजे काका खेळले, माय चिंचोका उडवायची आणि मी दोघांच्या मधे बसून ओरडायची. पहिल्या दिवशी काका जिंकले. दुसऱ्या दिवशीही. एक हरले, दोन लावले, जिंकले. एक-दोन-चार हरले, आठ लावले, जिंकले. त्यांच्या पुढचा ढीग मुंगीच्या पावलानं वाढत होता आणि त्यांचा आवाज घोड्याच्या. दादाही येऊन बसायला लागले. एकदा चिंचोका फरशीच्या भेगेत उभाच राहिला, काळा ना पांढरा. मायनं झटकन दोन्हीकडचे चिंचोके आपल्या गाडग्यात टाकले.

"ओ वहिनी! ही लबाडी हाय!"

"दुकान माझं, न्याय माझा."

आम्ही पोट धरून हसलो. ते हसणं मला पुढे फार उपयोगी पडलं.

मग एका संध्याकाळी काळा पडला. पुन्हा काळा. पुन्हा. काका एक, दोन, चार, आठ असे चढत गेले, सोळा लावले, काळा. बत्तीस लावायचे तर त्यांच्यापुढे तेवढे उरलेच नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसे काही माझ्या परकराच्या ओच्यात चिंचोके असतील. मायनं गाडगं हलवून दाखवलं. आत खळखळ वाजलं.

"माझे न्हाई संपले भावजी, तुमचे संपले."

"ही एक खेप पडली तशी! दर खेपेला थोडंच असं व्हनार हाय!"

"बरं. न्हाई व्हनार. पर इतके दिवस तुम्ही जिंकत व्हता, तवा एका डावाला मिळालं किती? एक चिंचोका. सोळा लावले तवा बी एकच मिळनार व्हता न्हवं? एका चिंचोक्यासाठी एवढा ढीग मांडीवरून उतरवायचा?"

 दादा हसले. मी पुढे सगळा जन्म गणित शिकवलं, आणि दर साली एखादा हुशार पोरगा मला तोच प्रश्न विचारायचा, "पण बाई, शेवटी तर जिंकणारच ना?" हो बाळा, जिंकशील. ज्याच्या खिशाला तळ नाही तो शेवटी जिंकतोच. पण ज्याच्या खिशाला तळ नाही, त्याला एका रुपयासाठी उन्हात बसायची गरज काय, हे मला आजवर एकाही हुशार पोराला सांगता आलेलं नाही. मायचं गाडगं वर्गात न्यायला हवं होतं.

काकांना वाटलं, चिंचोका हा काही पैलवान नव्हे. चिंचोक्याचं काय, कसाही पडतो. पैलवान बघून ओळखता येतो, आणि ती ओळख आपल्याला आहे. हे मात्र खरं होतं. गडी लंगोट कसा कसतो यावरून काका त्याचा दम सांगायचे. त्या जोरावर ते जत्रेला निघाले.

जत्रा टेंभुर्णीच्या पलीकडच्या एका गावची. आम्ही बैलगाडीत रेवडीचे डबे, तीळ, तराजू घालून मुक्काम करत गेलो. माय घरीच राहिली. निघताना तिनं काकांना काही सांगितलं नाही, मला मात्र बाजूला घेऊन म्हणाली, "कशावर बसून राह्य." कसा म्हणजे आमची कापडी थैली, दोरीनं तोंड आवळायची. हंगामाची सगळी कमाई तिच्यात असायची, निजामाचे हाली आणि इंग्रजांचे कलदार दोन्ही रुपये एकमेकांत मिसळलेले. तर मी जत्रेत तिळाच्या पोत्यावर बसले, आणि पोत्याखाली कसा. दादा सामान आणायला, पंचांना भेटायला इकडे-तिकडे जात. दुकानावर काका आणि मी.

आमचं दुकान आखाड्याच्या अगदी कडेला, लिंबाखाली. ती जागा आम्हाला मानानं मिळायची, कारण आखाड्याची सुरुवात आमच्या रेवडीनं होई. पहिल्या कुस्त्या बारक्या पोरांच्या. जिंकला त्याला पंच मूठभर रेवडी देणार. मग जरा मोठ्यांच्या, नारळावर. मग रुपयावर, मग पाच रुपयांवर, आणि उन्हं कलली की शेवटची मोठी कुस्ती, तिला चांदीचं कडं. सगळं चढत्या भाजणीनं. काकांना यात देवाचा कौल दिसला. "बघ कुसे, कुस्त्या बी चढत जात्यात आन आपला डाव बी. बराबर बसतंय!"

आमच्या शेजारी त्याच लिंबाखाली गोविंदअप्पा पानवाले बसायचे. पान हे नावाला. अप्पांच्या पुढ्यात एक धोतराचं फडकं पसरलेलं असे, आणि त्यावर लोक शर्तीचे पैसे ठेवत. पोलीस पाटील फिरत आले की अप्पा फडक्यावर विड्याची पानं पसरून त्यांना पाणी मारत बसायचे. हिशेब सरळ. तुझा गडी जिंकला तर एकाचे दोन, हरला तर गेले. अप्पा फार गोड माणूस. मला येता-जाता गुलकंद द्यायचे. पैसे घेताना गड्याचं नाव मोठ्यानं उच्चारायचे आणि विचारायचे, "बराबर?" समोरचा म्हणायचा, "बराबर!" की पैसे फडक्यावर. सकाळपासून माझ्या कानावर हेच. बराबर? बराबर! त्यात हलगीचा कडकडाट, धुरळा, जिलब्यांच्या कढईचा वास, आणि पोरांच्या रेवडीच्या कुस्त्या. एका पोरानं जिंकलेली रेवडी तोंडात टाकून हरलेल्या पोराला अर्धी दिलेली मला आठवते.

काकांनी नारळाच्या कुस्त्यांपासून सुरुवात केली. पोत्याखालच्या थैलीला हात लावला नाही, तेवढं मी त्यांच्या बाजूनं सांगते. स्वतःजवळ साठवलेले पैसे होते, सालभराचे. एक रुपया लावला, गेला. दोन लावले, तो गडी तर उभा राहतो न राहतो तोच चीतपट झाला. चार लावले, गेले. काका परत येऊन रेवडी तोलायला लागले, तर वजन घालायलाच विसरले. "भिऊ नको," ते म्हणाले. मी भ्याले नव्हते, पण आता भ्याले. आठ लावले. हे त्यांच्याजवळचे शेवटचे.

ती कुस्ती लांबली. दोघंही तोलामोलाचे. एकमेकांच्या मानेवर हात टाकून फिरतात, कुणी खाली जातो, पुन्हा उठतो. हलगीवाले थकले. लोक ओरडायला लागले, आणि शेवटी पंच मधे शिरले, दोघांचे हात धरून वर केले. कुस्ती सोडवली. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. काकांचा जीव भांड्यात पडला. ते हसत हसत अप्पांकडे गेले.

"अप्पा, माझे आठ हायेत तुमच्याकडं. ते कड्याच्या कुस्तीवर ठेवा, काळ्या लंगोटवाल्यावर."

"कोनते आठ?" अप्पा म्हणाले.

"आत्ताचे. सुटली न्हवं कुस्ती?"

"व्हय. बराबर सुटली. बराबर सुटली का फडक्यावरचं माझं."

"हे कवा ठरलं?"

"दर खेपेला तुला इचारून राह्यलो की रे! बराबर? म्हनलं. तू म्हनला बराबर."

"आवो, मला वाटलं 'ठीक हाय का' म्हनून इचारता!"

"ठीक हाय का म्हनून मी कामून इचारीन? मी का हकीम हाय?"

लिंबाखाली जे हसू फुटलं ते आखाड्यापर्यंत गेलं. पूर्वी अप्पा सगळं वाक्य बोलायचे म्हणे. 'बराबर सुटली तर माझं, बराबर?' वर्षानुवर्षं बोलून बोलून ते झिजून तेवढा एकच शब्द राहिला होता. जुन्या लोकांना ठाऊक होतं. काका सगळा जन्म आखाड्याच्या आत राहिलेले, फडक्याचा कायदा त्यांना कुठला माहीत. ते हसले नाहीत. पाय ओढत दुकानात आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले.

"कुसे, ऊठ."

मी उठले नाही.

"पंधरा गेले. सोळा लावले का समदं भरून येतं. काळा लंगोटवाला जिंकनारच. म्या त्याला वळखतो. त्याचा दम बघ, अजून घाम न्हाई. ऊठ पोरी, जल्दी. जोड लागून राह्यली."

आखाड्यात शेवटचे दोघं उतरलेही होते. हलगी पुन्हा कडाडली. काकांचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता, आणि त्यात माझ्यासाठीची माया होती हेच सगळ्यात वाईट. सोळा काढून तेही गेले असते तर गूळवाल्याचंच कसंबसं निघालं असतं आणि माझं 'पुढचं साल' सुरू झालं असतं. मला रडू येत होतं. 'देणार नाही' म्हणायची माझी छाती नव्हती, मोठ्या माणसाला तसं कोण म्हणतं. तेवढ्यात मला भेगेत उभा राहिलेला चिंचोका आठवला, आणि त्याच्यामागून मायचं ते 'दुकान माझं'. मी एवढंच विचारलं,

"काका, ही बी बराबर सुटली तर?"

काकांनी मान वळवली. आखाड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा आखाड्याकडे, पण आता वेगळ्या नजरेनं, आतल्या माणसाच्या.

"मोठी जोड…" ते हळू म्हणाले. "पोरांची कुस्ती चटकन निकाली व्हती. नारळाची बी व्हती. जसजसी जोड मोठी, तसतसी ती सुटती. दोघंबी तयार असत्यात. कोन कुनाला पाडू देतंय?" त्यांची नजर अप्पांच्या फडक्यावर गेली. "म्हंजे कुसे, म्या घडीवर घडी घालत चाललो, आन चाललो कुठं? जिथं अप्पा बसल्यात तिथंच!"

हे त्यांचं त्यांना सुचलं. मला त्या वयात हे कळलं नसतं. मी फक्त घाबरून प्रश्न विचारला होता. वाढत्या बोलीचे डाव मी पुढे कागदावर खूप मांडले, पण काकांनी त्या लिंबाखाली जे पाहिलं त्याच्या पलीकडचं मला फारसं काही सापडलं नाही. डाव एकाच दिशेनं चढतो, आणि त्या दिशेला कोण बसलंय हे लावणारा पाहत नाही, कारण त्याची मान मागे वळलेली असते, गेलेल्या पैशांकडे.

काका उठले. अप्पांकडे गेले नाहीत. पोत्यावर माझ्याशेजारी बसले, इतके जवळ की आम्ही दोघं मिळून त्या थैलीवर बसलो होतो, आणि गिऱ्हाइकाला रेवडी तोलून दिली.

आणि काळा लंगोटवाला जिंकला.

हे मला सांगायलाच हवं, कारण गोष्ट सांगताना पुष्कळ लोक ही कुस्ती बरोबरीत सोडवून टाकतील. ती सुटली नाही. काकांनी ओळखलं होतं तसाच तो जिंकला, आणि चांगला झडझडून जिंकला. फेटे उडाले, हलगीवाले आखाड्यात नाचले. अप्पांच्या फडक्यावरून लोकांनी एकाचे दोन उचलले. सोळा लावले असते तर बत्तीस आले असते, गेलेलं सगळं भरून वर एक रुपया. मी काकांकडे बघायला धजत नव्हते. त्यांनी डब्यात हात घातला, ओंजळभर रेवडी काढली आणि उठून आखाड्याकडे गेले. परत आले तेव्हा हात रिकामे होते आणि डोळे ओले.

"दिली त्याला," ते म्हणाले. "काय लढला पोरगा! पाठीवर हात फिरवून आलो." आणि मग डब्याचं झाकण लावत, "आली असती गं कुसे."

"हो काका."

"आली असती. पर म्या लावली न्हाई." हे त्यांनी अशा आवाजात म्हटलं की ते स्वतःवर चिडलेत की खूष आहेत, हे मला कळेना. मला वाटतं त्यांनाही कळत नव्हतं. शाळेत मी उत्तर बरोबर आणि रीत चूक अशा पोरांना मार्क देत नसे. पालक भांडायला यायचे. त्यांना काय सांगणार, की मी त्या वेळी लिंबाखाली बसलेली असते.

दादांना सगळं अप्पांकडूनच कळलं. परतीच्या गाडीत ते बराच वेळ बैलांशी बोलत होते, भावाशी नाही. मग मागे न वळता म्हणाले, "कसा कुठाय?"

"माझ्याखाली," मी म्हणाले.

"मंग झालं तर. माधव, घरी गेलं का ती खुंटी जरा वर ठोकू. तुझी पाठ वाकून राह्यली."  त्या दोघांमधे नंतर या गोष्टीचा उच्चार झालेला मला आठवत नाही. मायनं मात्र चिंचोक्यांचं गाडगं फळीवर असं ठेवलं, की जेवायला बसलं की काकांना समोर तेच दिसे.

आणि मी जालन्याला गेले. गूळवाल्याचं देऊन माझ्यापुरतं उरलं, अगदी ओढूनताणून. काकांचे सालभराचे पैसे त्यात पडायचे होते ते पडले नाहीत, म्हणून नवा परकर झाला नाही, मायनं जुनाच खालून सोडून लांब केला. सोडलेल्या दुमडीची रेघ त्याच्यावर गडद दिसायची. मला तिची लाज वाटली नाही. त्या रेघेइतकी मी वाढले होते.

काकाच मला पोचवायला आले. बदनापूरहून गाडीत बसलो, माझी वळकटी त्यांच्या खांद्यावर, हातात रेवडीचा डबा. शाळेच्या फाटकाशी आल्यावर त्यांनी डबा माझ्या हातात दिला, पण सोडला नाही. आत मुली रांगेत उभ्या होत्या. दम बघून पैलवान ओळखणारा तो माणूस मला वरपासून खालपर्यंत पाहत होता.

"शिक खूप," ते म्हणाले. "आन सुट्टी लागली का घरी यायचं. मावशीकडं रमायचं न्हाई. बराबर?"

माझ्या तोंडात 'बराबर' आलंच होतं. मी ते गिळलं.

"काका, आधी सांगा. बराबर म्हणजे काय?"

क्षणभर त्यांना कळलं नाही. मग ते असे हसले, की रांगेतल्या मुली वळून बघायला लागल्या आणि फाटकावरचा शिपाई दोन पावलं पुढे आला. हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"बराबर म्हंजे," ते म्हणाले, "कोनी जिंकलं न्हाई, कोनी हारलं न्हाई. दोघंबी आपल्या पायानं घरी."

"मग बराबर," मी म्हणाले, आणि तेव्हा कुठे त्यांनी डबा सोडला.